फिल्टरची जागा

लालबागला मसाला कुटायच्या डंकांच्या मागे पत्र्याचं एक छप्पर होतं. तेच आम्हा दोघा भावांचं गॅरेज. गॅरेज म्हणायचं एवढंच. एक गाडी आत घेतली की दुसरी रस्त्यावर उभी करावी लागे. डंक सुरू झाले की मिरचीचा खकाणा उडायचा आणि बॉनेटखाली डोकं घालून काम करणारा माणूस शिंकून बेजार व्हायचा. गिऱ्हाईक नाकाला रुमाल लावून लांब उभं राहायचं.

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. तो गावाहून आधी मुंबईला आला, फोर्टातल्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये काम शिकला, आणि स्वतःचं छप्पर घेतल्यावर त्याने मला बोलावून घेतलं. मी सांगतोय ती वर्षं संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची. तेव्हा मी तेवीस-चोवीसचा होतो आणि हाताखालून शंभरेक इंजिनं गेलेली होती. तरी गॅरेजमध्ये शब्द चालायचा तो दादाचा. तो सांगायचा, मी करायचो. आमच्यात त्यावरून कधी वाद झाला नाही, कारण दादाचा हात खरोखरच चांगला होता. त्याने वाकवलेली तांब्याची नळी बघायला दुसऱ्या गॅरेजचे मिस्त्री येत.

आमचं एक जुनं गिऱ्हाईक म्हणजे गिरगावचे एक डॉक्टर. मुंबईतल्या जुन्या, खाऊनपिऊन सुखी घराण्यातले. राहायला गिरगावात, सकाळचा दवाखाना तिथेच घराखाली. पण दुपारनंतर ते लालबागला यायचे आणि गिरणीतल्या लोकांना बघायचे. त्यांच्याकडे एक विलायती गाडी होती, वडिलांनी घेतलेली. माणूस नीटनेटका. कोटाची इस्त्री मोडलेली मी कधी बघितली नाही. गाडीचं बॉनेट ते स्वतः उघडत, आत फडकं मारत, आणि काही वेडंवाकडं दिसलं की आमच्याकडे येत.

त्यांना खटकायचा तो पेट्रोलचा फिल्टर. त्या गाडीत तो काचेच्या वाटीसारखा होता. पेट्रोल त्यातून जायचं आणि कचरा खाली बसायचा. ही वाटी एका बाजूला मडगार्डच्या आतल्या पत्र्यावर लटकत होती, आणि तिथून निघालेली नळी अख्खं इंजिन ओलांडून, मोठं वळण घेऊन पंपाकडे जायची. तेल बघायला वाकलं की डॉक्टरांची बाही त्या नळीत अडकायची. ते म्हणाले, "मिस्त्री, हे लोंबतंय ते जरा आत घेता येईल का? नीट दिसत नाही."

दादाने दोन दिवस घेतले. त्याने वाटी उचलून इंजिनाच्या अंगाला, पंपाच्या अगदी जवळ आणली, नवी आखूड नळी वळवली, आणि दोन पितळी पट्ट्यांनी ती अशी बसवली की मूळ गाडीच तशी आली असं वाटावं. बॉनेट उघडल्यावर सगळं मोकळं, सगळं रेषेत. डॉक्टर खूश झाले. त्यांनी शेजारच्या डंकवाल्यालाही बोलावून दाखवलं.

पण वाटीच्या वरच्या बाजूने, चार बोटांवरून, इंजिनाचा जळका धूर बाहेर नेणारा लोखंडी पाइप जात होता. त्या पाइपाला धग किती असते ते गाडीवाल्याला सांगायला नको. दादाने फोर्टातल्या वर्कशॉपमध्ये एका नव्या गाडीत फिल्टर अशाच जागी पाहिला होता. त्या गाडीत मधे पत्र्याचं आवरण होतं. दादाच्या ध्यानात जागा राहिली, आवरण राहिलं नाही.

मी हे आज सांगतो तसं तेव्हा मला स्पष्ट कळलं होतं असं नाही. पण काहीतरी कळलं होतं. इंजिन वीस मिनिटं चालवून बंद केलं, दादा डॉक्टरांशी बोलत उभा होता, आणि मी वाटीला बोट लावलं. काच चांगलीच गरम होती. मी बोट मागे घेतलं. आतल्या पेट्रोलमध्ये बारीक बुडबुडे चढत होते. मी दादाकडे बघितलं. तो हसत होता. डॉक्टरांसारखा माणूस त्याच्या कामाचं कौतुक करत होता. मी म्हटलं, आता नको, संध्याकाळी सांगू. संध्याकाळी म्हटलं, थंडीचे दिवस आहेत, उन्हाळा लागला की सांगू. मग दुसरी कामं आली.

आमच्या गावचा एक माणूस त्याच गल्लीतल्या चाळीत राहायचा. दादाचा बालमित्र. दोघं एकाच शाळेत, एकाच वर्षी मुंबईला आलेले. दादा गाड्यांकडे गेला, तो गिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर, लागला. आम्ही दोघे भाऊ त्याच्याकडेच जेवायचो, कारण दादाची बायको गावी होती आणि माझं लग्न व्हायचं होतं. त्याच्या बायकोला आम्ही वहिनी म्हणायचो. चार वर्षांची एक मुलगी होती त्यांना. त्यांच्या खोलीत दहा-बारा माणसं राहून गेली असतील त्या काळात, गावाहून येणारं प्रत्येक माणूस आधी तिथेच उतरायचं. वहिनी कुणाला नाही म्हणाल्याचं मला आठवत नाही.

आमचा हा गाववाला चळवळीत होता. तसा सगळा गिरणगावच चळवळीत होता, पण तो मनापासून होता. पाळी सुटली की सभेला, सभा सुटली की कोपऱ्यावर उभं राहून सभेत काय झालं ते न आलेल्यांना सांगायला. दादाला तो चिडवायचा की तू गाड्यांच्या पोटात डोकं घालून बसलायस, बाहेर मुंबई चालली तरी तुला कळायचं नाही. दादा म्हणायचा, मुंबई राहिली तर तिच्यात गाड्या लागतील ना. असं त्यांचं चालायचं.

मग ते दिवस आले. ज्यांनी ते पाहिले त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी पाहिले नाहीत त्यांना सांगून उपयोग किती, कोण जाणे. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं रेडिओवर आलं आणि सगळा गिरणगाव रस्त्यावर उतरला. ट्राम बंद. दुकानं बंद. आम्ही गॅरेजचा पत्रा ओढून आत बसलो होतो. डंक बंद असल्यामुळे हवेत मिरची नव्हती, आणि लांबून पोलिसांच्या गोळीचा आवाज आला की स्वच्छ ऐकू यायचा. पहिल्यांदा मला तो टायर फुटल्यासारखाच वाटला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर आले. गिरगावातून लालबागला यायला त्यांना दोन तास लागले होते. जागोजागी रस्त्यात दगड, मोडके बाक, जळते टायर. काचेवर त्यांनी कागद लावला होता, डॉक्टर असं लिहिलेला, तो बघून लोक वाट देत होते. पण गाडी सगळा वेळ पहिल्या गिअरमध्ये, मुंगीच्या पावलाने आलेली. त्यांनी ती गॅरेजसमोर लावली आणि दवाखाना उघडायला गेले. दवाखाना पन्नास पावलांवर होता. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. इकडे माणसं जखमी होतायत हे ऐकून ते आपणहून आले होते.

अर्धा तास झाला असेल. कोपऱ्यावरून माणसं पळत आली आणि कुणीतरी दादाचं नाव घेऊन ओरडलं. आम्ही बाहेर पडलो. आमचा गाववाला चाळीच्या पायरीवर होता. चौघांनी उचलून आणलं होतं. गोळी मांडीत, अगदी वर, जांघेशी लागली होती. तो शुद्धीवर होता. दादाला बघून म्हणाला, "काय नाय रे. पायाक लागला."

डॉक्टर धावत आले. त्यांनी त्याचं धोतर फाडून घडी केली आणि जखमेवर दोन्ही हातांनी दाबून धरली. जखम इतकी वर होती की तिच्या वर पट्टी आवळायला जागा नव्हती. ते दादाला एवढंच म्हणाले की हात काढता येणार नाही, याला आत्ताच्या आत्ता परळच्या इस्पितळात न्यायला हवं, गाडी काढा.

वहिनी वरून उतरून आल्या होत्या. त्यांना कुणीतरी धरून ठेवलं. त्यांनी येते म्हटलं, पण गाडीत जागा नव्हती. मागच्या सीटवर त्याला आडवं ठेवलं, डॉक्टर खाली गुडघ्यांवर बसून जखम दाबत होते, मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. दादा गाडी चालवायला बसला.

मोठा रस्ता बंद होता. दादाने गाडी गिरणीच्या मागच्या गल्लीतून घातली. तिथेही माणसं होती, पण बाजूला होत होती. मी खाली बघत होतो. त्याच्या कपाळावर गार घाम आला होता. तो मला विचारत होता की गाडी डॉक्टरांची का, आणि सीट खराब होईल म्हणून खाली काही घातलंय का. मी म्हटलं घातलंय. घातलं नव्हतं.

गिरणीच्या लांब भिंतीला लागून आम्ही निम्मी वाट गेलो असू, तेव्हा गाडीने पहिला हिसका दिला. मग दुसरा. इंजिन खोकलं, दादाने रेस दिली, परत खोकलं, आणि बंद पडलं. त्याने स्टार्टर मारला. नुसती घरघर. परत मारला.

मला त्याच क्षणी कळलं. दादा उतरला, बॉनेट उघडलं, आणि मला मागच्या सीटवरून त्याची फक्त पाठ दिसत होती. ती पाठ हलेना. नंतर त्याने मला एकदाच सांगितलं त्याने काय बघितलं ते. काचेच्या वाटीत पेट्रोल उकळत होतं. चुलीवर पाणी उकळतं तसं. वाफेने नळी भरली होती आणि पुढे कार्बोरेटरला थेंब जात नव्हता.

यावर उपाय एकच असतो. ओलं फडकं गुंडाळायचं आणि थांबायचं. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं, वाटी गार होईपर्यंत. दादा समोरच्या खोल्यांकडे धावला आणि पाणी मागितलं. एका बाईने भरलेली कळशीच आणून दिली. त्याने अंगातला सदरा काढून भिजवला आणि वाटीवर धरला.

डॉक्टरांनी विचारलं किती वेळ लागेल. दादा म्हणाला, दहा मिनिटं. डॉक्टरांनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "एवढा वेळ नाही. हातगाडी बघ."

लाकडाच्या वखारीपुढे एक हातगाडी उभी होती. ती कुणाची हे विचारायला मी थांबलो नाही. त्याला तिच्यावर घेतलं. मी दांड्यात शिरलो, दोन अनोळखी माणसं मागून ढकलू लागली, आणि डॉक्टर एका अंगाने वाकून, जखमेवरचा हात न उचलता, चालत राहिले. त्यांचं वय तेव्हा साठीच्या आसपास होतं. दादा येऊ लागला, तर डॉक्टर म्हणाले, "तुम्ही गाडी बघा. चालू झाली तर मागून या." मी मागे वळून बघितलं तेव्हा दादा उघड्या अंगाने बॉनेटमध्ये वाकलेला होता.

फरशीवरून हातगाडीची चाकं खडखडत होती, आणि प्रत्येक खाचेला तो कण्हत होता. थोड्या वेळाने कण्हायचा थांबला. मला वाटलं, बरं झालं, दुखणं थांबलं.

आम्ही इस्पितळाच्या फाटकाशी पोचलो आणि मागून गाडी आली. चालू झाली होती. व्यवस्थित चालली होती, एक हिसका नाही. दादाने ती फाटकात उभी केली आणि धावत आला, पण तोवर त्याला आत नेलं होतं.

इस्पितळात त्या दिवशी जमिनीवरही माणसं निजवलेली होती. डॉक्टर स्वतः आत गेले, तिथल्या लोकांशी बोलले, रक्त द्यायची तजवीज झाली. रक्त द्यायला दादाही उभा राहिला आणि मीही. सूर्य मावळायच्या सुमाराला डॉक्टर बाहेर आले. कोटाच्या दोन्ही बाह्या कोपरापर्यंत वाळलेल्या रक्ताने कडक झाल्या होत्या. त्यांनी दादाच्या खांद्यावर हात ठेवला, तेवढ्यावरून समजलं.

चाळीत बातमी आम्हीच नेली. ते मी लिहीत नाही.

तेराव्यापर्यंत दादा कामाला हात लावत नव्हता. तो डॉक्टरांकडे गिरगावला चालत गेला, मी बरोबर होतो. दवाखान्यात बाकड्यावर बसला आणि बाकीचे रोगी गेल्यावर त्याने विचारलं, "गाडी बंद पडली नसती तर तो वाचला असता?"

डॉक्टर म्हणाले, "मिस्त्री, मला खरंच माहीत नाही. वाचला असता असं मी म्हणू शकत नाही. नसता वाचला असंही म्हणू शकत नाही."

दादाने मान हलवली. मला वाटतं त्याला, नसता वाचला, असं खोटं का होईना ऐकायचं होतं आणि ते ऐकून तो उठून गेला असता. मग डॉक्टर म्हणाले की तो फिल्टर हलवायचं त्यांनीच सांगितलं होतं, नीट दिसावं म्हणून, तेव्हा यात तेही आले. दादा म्हणाला, "तुम्ही डॉक्टर. धगीचं मला कळायला हवं होतं."

मी दाराशी उभा होतो. बोलायची ती वेळ होती. मी बोललो नाही.

तेरावं झाल्यावर दादा वहिनींकडे गेला. मी त्याला सांगत होतो की जाऊ नको, त्यांना कशाला सांगायचं. तो ऐकेना. त्यांना हे दुसऱ्याकडून कळायला नको, असं तो म्हणत होता. वहिनी चुलीपाशी होत्या, मुलगी भिंतीला टेकून पाटीवर रेघोट्या ओढत होती. दादा उंबऱ्याच्या आत खाली बसला आणि त्याने सगळं सांगितलं. फिल्टर म्हणजे काय, तो कुठे होता, त्याने कुठे नेला, का नेला, गाडी कशाने बंद पडली. काही गाळलं नाही.

वहिनींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. रडल्या नाहीत. मग म्हणाल्या, "भावजी, तुमी सांगून मोकळे झालात. आता ह्यां मी खंय ठेवू?"

त्यांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"गोळी घातलेल्यांक शिव्या घालत होतंय," त्या म्हणाल्या, "ता बरा होता. आता रोज तुमका जेवूक कसा वाढू?"

त्या दिवसापासून आमचं जेवण खाणावळीत सुरू झालं. त्यांनी येऊ नका असं म्हटलं नाही. आम्हीच गेलो नाही.

महिन्याभराने डॉक्टर गाडी घेऊन आले. सकाळी लवकर, इंजिन तापू न देता, हळूहळू आणली होती. मागची सीट नव्याने शिवून घेतली होती. त्यांनी बॉनेट उघडलं आणि म्हणाले की हा फिल्टर हलवायचा आहे, आणि दुसऱ्या कुणाकडे नेणार नाही. दादाने त्यांना नमस्कार केला आणि गॅरेजच्या मागे जाऊन बसला. मग डॉक्टर माझ्याकडे वळले. "तू कर," म्हणाले. "सुरेख दिसायला नको. नीट असू दे."

मी ते काम कसं केलं ते मला आज डोळे मिटूनही सांगता येईल. इंजिन पूर्ण गार होऊ दिलं. बॅटरीची तार काढली, म्हणजे कुठे ठिणगी उडायला नको. गॅरेजचा पत्रा पूर्ण वर केला, वारा खेळावा म्हणून, आणि डंकवाल्याला सांगितलं की तासभर इकडे विडी पेटवून कुणी येऊ नये. टाकीकडून येणारी नळी सोडली आणि तिच्या तोंडात लाकडी खुंटी मारली. वाटीतलं पेट्रोल डब्यात काढून डबा बाहेर, लांब, सावलीत ठेवला.

मग जागा शोधली. जुनी जागा मडगार्डवर होती, ती धगीपासून लांब होती पण नळी आडवी येत होती. मी वाटी त्याच बाजूला पण मागे, खाली घेतली, जिथे पंख्याचा वारा पोचतो आणि पंख्याचं पातं पोचत नाही. धुराचा पाइप इंजिनाच्या पलीकडच्या अंगाला राहिला. जाड पट्टीची बैठक केली. नळी मडगार्डच्या पत्र्याच्या कडेकडेने नेली; वळवताना आत बारीक वाळू भरली, म्हणजे वळणावर चेपू नये, आणि नंतर वाळूचा कणही राहू नये म्हणून ती चार वेळा धुऊन फुंकली. जिथे नळी पत्र्यातून जात होती तिथे रबराची कडी घातली. इंजिन थरथरतं आणि पत्रा थरथरत नाही, म्हणून दोघांच्या मधे पेट्रोलला टिकणाऱ्या रबरी नळीचा वीतभर तुकडा टाकला, दोन्ही टोकांना आवळपट्ट्या लावून. पेट्रोल ज्या बाजूने आत यायचं त्याच बाजूने येतंय ना, ते दोनदा बघितलं.

इंजिन चालू करण्याआधी हाताने पंप मारून वाटी भरली आणि प्रत्येक सांध्यावर कोरडा कागद फिरवला. कागद कोरडा राहिला. मग तार जोडली, इंजिन चालू केलं आणि गाडी उन्हात काढून तासभर तशीच चालू ठेवली. दर दहा मिनिटांनी मी वाटीला हाताची पालथी बाजू लावत होतो.

पाऊण तास झाला असेल. दादा मागून आला. माझ्याशेजारी उभा राहून त्याने आत बघितलं. त्याने स्वतःही वाटीला हात लावला. गार होती. मग त्याने नळीवरून बोट फिरवत नेलं आणि एका जागी थांबला. तिथे नळी पत्र्यावर किंचित वाजत होती. "हय आणखी एक पट्टी घाल," म्हणाला. मी घातली.

मी पट्टी आवळत असताना त्याने विचारलं. आवाज चढवला नाही. "तुका दिसला होता?"

मी म्हटलं, "होय."

"कधी?"

"त्याच दिवशी. काच तापली होती."

"मगे सांगलंस कित्याक नाय?"

तू दादा होतास म्हणून, असं काहीतरी मी म्हणालो. इंजिन चालू होतं. त्याला ऐकू गेलं की नाही मला आजही माहीत नाही. तो हात पुसत आत गेला. त्याने मला शिवी दिली नाही, मारलं नाही. मी किती वर्षं वाट बघितली, की तो कधीतरी मला त्यावरून बोलेल. बोलला नाही.

त्यानंतर दादा गॅरेजमध्ये यायचा, पण हलकी कामं करायचा. चाकं, ब्रेकच्या गाद्या, दिवे. इंजिनाला हात लावायचा नाही. गिऱ्हाईक विचारायचं, मोठे मिस्त्री कुठे, तर मी सांगायचो त्यांची तब्येत बरी नसते. चळवळ चालूच होती. सभा व्हायच्या, मोर्चे निघायचे, दादा कशालाही गेला नाही. वहिनींना गिरणीत, सूत गुंडाळायच्या वायंडिंग खात्यात काम मिळालं. त्या सकाळी भोंग्याबरोबर गॅरेजसमोरून जायच्या आणि आम्ही दोघे काहीतरी शोधायला खाली वाकायचो.

महाराष्ट्राचं राज्य झालं त्या दिवशी लालबागमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. चाळीचाळीतून दिव्यांच्या माळा, गुलाल, लेझीम. लोक अनोळखी माणसांच्या तोंडात साखर घालत होते. मी कोपऱ्यापर्यंत गेलो. चाळीच्या दारात, गोळीबारात गेलेल्यांचे फोटो हार घालून मांडले होते, त्यात आमच्या गाववाल्याचा होता. लग्नातला फोटो होता तो, वहिनींचा भाग कापून काढलेला. एका खांद्यावर त्यांची बोटं तेवढी राहिली होती. मी नमस्कार केला आणि परत आलो. दादा पत्रा ओढून आत बसला होता. मी त्याला साखर दिली. त्याने ती खाल्ली.

पुढच्या वर्षी तो गावी निघून गेला. शेत थोडं होतं, घरही होतं. गॅरेज माझ्याकडे राहिलं. डॉक्टर येत राहिले. त्यांची गाडी त्यानंतर रस्त्यात कधी बंद पडली नाही, आणि ते हे सगळ्यांना सांगत. या पोराची नजर फार बारीक आहे, याच्या नजरेतून काही सुटत नाही, असं म्हणत. मी तेव्हा तिशी ओलांडलेला होतो. त्यांनी पाठवलेल्या गिऱ्हाइकांवर माझं घर उभं राहिलं. एकदा मी ठरवून गिरगावला त्यांच्या घरी गेलो, सगळं सांगून टाकायचं म्हणून. त्यांची बायको आजारी होती. त्यांनी स्वतः चहा करून आणला आणि मला खुर्चीवर बसवलं. मी चहा प्यालो आणि गाडीचे टायर बदलायला झालेत एवढं सांगून आलो. त्यानंतर दोन वर्षांनी डॉक्टर गेले.

गावी मी वर्षातून एकदा, गणपतीला, जायचो. दादाशी शेताबद्दल बोलणं व्हायचं, पावसाबद्दल, माझ्या मुलांबद्दल. त्याच्या शेवटच्या दुखण्यात मी आठ दिवस त्याच्याजवळ राहिलो. एका दुपारी त्याने विचारलं, वहिनी कशा आहेत. मी सांगितलं, मुलीचं लग्न झालं, जावई चांगला आहे, वहिनी आता गिरणीतून सुटल्या. मग त्याने विचारलं, त्याच्याबद्दल काही विचारतात का त्या.

दादा गावी गेल्यावर वहिनी येताजाता माझ्याशी बोलू लागल्या होत्या, पण इतक्या वर्षांत त्यांनी माझ्यापाशी त्याचं नाव काढलं नव्हतं. मी म्हटलं, "विचारतात ना. नेहमी विचारतात."

तो "बरा" म्हणाला आणि भिंतीकडे कुशीवर वळला. त्याला पटलं की नाही, मला कळलं नाही. गॅरेजची कामं खोळंबली होती म्हणून दोन दिवसांनी मी मुंबईला परत आलो. त्याच आठवड्यात तार आली.